हांसीच्या माळावरचा सिकंदर साहेब

दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेच्या पैलतीरी, मयूर विहार नावाची एक मोठी वसाहत आहे. सरकारी नोकरीमुळे दिल्लीत स्थायिक झालेली बरीच मराठी कुटुंबे या भागात राहतात. मीही त्यांतलाच एक. या वसाहतीला लागूनच पटपडगंज नावाचे जुने गाव आहे. आज तेथे उंच इमारती, शाळा आणि दवाखाने आहेत. गावाच्या नावातील 'गंज' हा शब्द मात्र एकेकाळी येथे धान्याची पेठ होती याची साक्ष देतो. या गावाच्या आसपास, आणि येथून आज नोएडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागापर्यंत पसरलेल्या मोकळ्या मैदानात, ११ सप्टेंबर १८०३ रोजी एक लढाई झाली. तिने उत्तर हिंदुस्थानातील मराठ्यांची सत्ता संपुष्टात आणली. एका बाजूस दौलतराव शिंद्यांची कवायती फौज होती आणि तिचा सेनापती होता लुई बुर्किन हा फ्रेंच. दुसऱ्या बाजूस जनरल लेकच्या हाताखालील कंपनीची फौज होती. शिंद्यांच्या तोफा उंच गवताच्या आड दडवून ठेवलेल्या होत्या. लेकने आपले घोडदळ मुद्दाम मागे घेतले. इंग्रज पळाले असे समजून शिंद्यांची पलटणे आपली भक्कम जागा सोडून पुढे आली, आणि तेथेच दिवसाचा निकाल लागला. पाच दिवसांनी लेकने लाल किल्ल्यात आंधळ्या शाह आलम बादशहाची भेट घेतली. या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईला फार तर एक परिच्छेद मिळतो. त्यानंतर लेखक असई, लासवारी असे करत सुर्जी अंजनगावच्या तहापर्यंत जातो आणि प्रकरण मिटवतो. राज्य कोणाचे गेले आणि कोणाला मिळाले हे तेवढ्यात कळते. पण लढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्याच्या हातात लगाम होता आणि ज्याला आता पगार देणारा कोणी उरला नव्हता, त्या साध्या स्वाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज मी ज्या गृहस्थाविषयी बोलणार आहे, त्याच्या चरित्रात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. त्याचे नाव जेम्स स्किनर. लोक त्याला सिकंदर साहेब म्हणत.

त्याआधी त्या काळचा स्वार म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे घोडदळात दोन प्रकार असत, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. सरकारी किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराला मिळणाऱ्या पगारातूनच घोड्याचा दाणावैरण, खोगीर, हत्यार आणि घरचा खर्च भागवायचा असे. घोडा हे त्याचे भांडवल होते. तो मेला की शिलेदाराची पत गेली. पुष्कळदा त्याला दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर होऊन बसावे लागे. म्हणून शिलेदार निरर्थक हल्ल्यात घोडा घालायला नाखूष असे. त्यावरून काही इंग्रज लेखकांनी त्याला भित्रा ठरवले आहे. मला ते पटत नाही. कर्ज काढून बैल घेतलेला शेतकरी त्या बैलाला पुरात घालीत नाही, तसाच हा प्रकार आहे.

स्किनरचा जन्म १७७८ सालचा. वडील हर्क्युलिस स्किनर हे कंपनीच्या फौजेतील स्कॉटिश अधिकारी, आणि आई राजपूत. लढाईच्या धामधुमीत सापडून ती त्यांच्या घरी आली होती. मुलींना पडद्याबाहेर काढून शाळेत घालण्याचे ठरले तेव्हा या मानी स्त्रीने १७९० मध्ये आपल्या हाताने जीवन संपवले. जेम्सला कलकत्त्याला एका छापखान्यात उमेदवारीला ठेवण्यात आले. तीनच दिवसांत तो पळाला. जवळ होते चार आणे. काही दिवस बाजारात ओझी वाहून आणि सुताराबरोबर लाकडे कापून त्याने पोट भरले. कंपनीच्या फौजेत अधिकारी होण्याची वाट तर १७९१ च्या हुकुमाने बंदच झाली होती, कारण ज्याची आई हिंदी त्याला तेथे जागा नव्हती. तेव्हा कोणाची तरी शिफारस घेऊन तो १७९५-९६ च्या सुमारास शिंद्यांच्या कवायती फौजेत दाखल झाला. महादजींच्या पदरी डी बॉइनने उभारलेली ही फौज. दरमहा दीडशे रुपयांवर मथुरेस त्याची नेमणूक झाली. वय सतरा-अठरा.

म्हणजे या माणसाचे खरे शिक्षण मराठ्यांच्या छावणीत झाले. तलवार, भाला, तिरंदाजी आणि घोडेस्वारी तो तेथेच शिकला. लखबा दादा लाडांच्या हाताखाली तो मालपुऱ्याच्या लढाईत होता. जयपूरच्या राजाच्या रिकाम्या डेऱ्यात त्याला एक पितळी मासा सापडला. तो माहीमरातबाचे मानचिन्ह होता. तो त्याने लखबा दादांच्या स्वाधीन केला.

१८०० च्या सुमारास करौली आणि उणियारा या दोन संस्थानिकांच्या भांडणात त्याच्या पलटणीची नेमणूक झाली, आणि तेथे तो जबर जखमी झाला. पैसे थकल्यामुळे करौलीच्या राजाच्या फौजेने ऐनवेळी साथ सोडली होती. स्किनर जखमी सैनिकांसह रणांगणावर पडून राहिला. रात्री कोल्हे फिरत. शेजारी एक राजपूत सुभेदार पडला होता. गोळ्याने त्याचा पाय गेला होता. जिवंत राहिलो तर एक देवालय बांधीन, असे स्किनरने मनाशी म्हटले. पुढे एक म्हातारा आणि एक म्हातारी डोक्यावर टोपली आणि घागर घेऊन आली, आणि प्रत्येक जखमी माणसाला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा व पाण्याचा घोट देत फिरू लागली. स्किनरने खाल्ले, पाणी प्यायला, आणि त्याचा जीव वाचला. सुभेदाराने मात्र त्यांना जात विचारली. ती चांभार होती. आता मरायचेच आहे, मग थोड्या घटकांसाठी धर्म कशाला बाटवू, असे म्हणून त्याने पाणी नाकारले. ही हकीकत स्किनरने स्वतः आपल्या फारसी आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या आठवणींचे इंग्रजी रूपांतर बेली फ्रेझर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. स्किनरने हे लिहिताना सुभेदाराची टवाळी केलेली नाही हे मला विशेष वाटते. त्या म्हातारीला मात्र त्याने पुढे शोधून काढले आणि तो तिला आई म्हणत असे.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. त्या वेळी शिंद्यांच्या उत्तरेकडील फौजेचा मुख्य होता पेरॉन. आपल्या पदरी असलेल्या इंग्रज वंशाच्या अधिकाऱ्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याने त्यांना कामावरून दूर केले. स्किनरला हे सहन झाले नाही. अलीगढनजीक पेरॉनचे घोडदळ लेकपुढे उधळले तेव्हा तो पेरॉनला जाऊन भेटला, आणि अजून सैन्य गोळा करून सामना देऊ, असे त्याने विनवून सांगितले. पेरॉनने मान हलवली. सगळे संपले आहे, आणि तुम्ही सारे जण जाणारच, असे म्हणून तो निघून गेला. ज्याला निष्ठेने राहायचे होते त्यालाच धन्याच्या सरदाराने हाकलले. नंतर लेककडे जाताना स्किनरने अट घातली, की आपला जुना धनी जो शिंदे, त्याच्याविरुद्ध आपल्याला लढावयास लावू नये. लेकने ती मान्य केली.

मग पटपडगंजची लढाई झाली. त्यानंतर पेरॉनच्या घोडदळातील काही रिसाले इंग्रजांकडे आले आणि त्यांनी चाकरी मागितली. तुमचा सरदार कोण असावा, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी एकमुखाने सिकंदर साहेबाचे नाव घेतले, असे सांगतात. अशा रीतीने, आज मयूर विहार आहे त्या परिसरात झालेल्या पराभवातून स्किनरचा प्रसिद्ध रिसाला जन्माला आला. त्याच्या स्वारांचे अंगरखे पिवळे होते आणि त्यावरूनच लोक तो ओळखत.

हे स्वार फितूर झाले का? मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येतो आणि तो यावाच. माझे मत असे की, फितुरी लढाईच्या आधी होते. लढाई संपल्यावर, सेनापती शत्रूला शरण गेल्यावर, पगाराचा खजिना कोठे आहे हे कोणाला माहीत नसताना, स्वतःचा घोडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण फितूर म्हणत असू, तर त्याने काय करायला हवे होते हेही आपण सांगितले पाहिजे. घोडा रोज दाणा मागतो. तो तहाची वाट पाहत नाही.

परंतु कंपनीचे राज्य आले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. होळकरांशी चाललेले युद्ध संपताच नवा गव्हर्नर जनरल बार्लो याने काटकसर सुरू केली आणि १८०६ मध्ये स्किनरचा रिसाला मोडला. शिंद्यांची चाकरी युद्ध संपल्यामुळे गेली आणि कंपनीची शांतता झाल्यामुळे गेली. तीन वर्षांनी, १८०९ मध्ये, कंपनीला पुन्हा त्याची आठवण झाली. कारण होते हरियाणा.

त्या काळचा हरियाणा म्हणजे दिल्लीच्या पश्चिमेचा, हांसी-हिस्सार-भिवानीचा कोरडा माळ. पाऊस आला तर बाजरी, हरभरा. नाही आला तर गवत, आणि तेही नाही तर धूळ. विहिरींना पाणी फार खोल. गावोगावी पाणी साठवण्यासाठी खोदलेले तलाव असत. त्यांना तेथे जोहड म्हणतात. गवत मात्र उत्तम, आणि म्हणूनच तेथील गाय-बैल साऱ्या देशात नावाजलेले. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात या भागात यमुनेचे पाणी आणले होते. पण तो कालवा केव्हाच गाळाने भरून गेला होता. १७८३ सालच्या दुष्काळाला, विक्रम संवत १८४० वरून, तिकडे 'चालीसा' म्हणतात. त्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली. जॉर्ज टॉमस नावाच्या आयरिश साहसी माणसाने १७९७ च्या सुमारास हांसी आपले ठाणे केले, तेव्हा ते जवळजवळ उजाड होते. त्याने पडका किल्ला दुरुस्त केला, लोक आणून वसवले, तोफा ओतल्या, स्वतःच्या नावाचे रुपयेही पाडले. १८०१ मध्ये पेरॉनच्या फौजेने त्याचे हे अल्पायुषी राज्य मोडले, आणि त्या फौजेत स्किनर होता. म्हणजे ज्या हांसीत तो पुढे आयुष्य घालवणार होता, तिच्या तटाखाली तो प्रथम वेढा घालण्यासाठी आला होता.

१८०९ मध्ये भिवानी तोफांनी सर करून कंपनीने हा मुलूख ताब्यात घेतला. हे ओझरते सांगून पुढे जाणे योग्य होणार नाही. तेथील गावांनी कित्येक वर्षे कोणालाही सारा दिलेला नव्हता. आपला तट, आपली भालेबर्ची आणि आपली गुरे यांवर ती स्वतंत्रपणे जगत होती. त्यांना वाकवण्यासाठीच स्किनरला बोलावले होते. माळ रिकामा होता आणि त्याने तो वसवला असे म्हटले, तर ते अर्धेच खरे ठरेल.

पण उरलेला अर्धा भागही मोलाचा आहे. स्किनरने हांसीला ठाण मांडले ते कायमचेच. पुन्हा उभारलेल्या रिसाल्यात त्याने आजूबाजूच्या गावांतील माणसे घेतली. विशेषतः रांघड, म्हणजे मुसलमान झालेले राजपूत. रिसाल्याची घडण मात्र शिलेदारी पद्धतीचीच राहिली. घोडा स्वाराचा, हत्यार स्वाराचे. स्वाराची जागा, तिला 'असामी' म्हणत, मोल असलेली वस्तू होती. एका घरातील एक भाऊ रिसाल्यात आणि दुसरा नांगरावर असला, म्हणजे शेतातला हरभरा घोड्याला आणि रिसाल्यातला रोख पगार शेताला. दुष्काळात पगाराने घर तगावे आणि शांततेच्या काळात रिसाला मोडलाच तर स्वाराला परत जायला जागा असावी, असा हा मेळ होता. शिंद्यांच्या छावणीत जी पद्धत मोहिमेच्या आधाराने चालली, ती येथे जमिनीच्या आधाराने चालू लागली.

१८१५ नंतर नेपाळचे युद्ध आणि मग पेंढाऱ्यांचे युद्ध संपले, तेव्हा कंपनीने बरेच रिसाले कमी केले. या वेळी मात्र रजा दिलेल्या स्वारांना निवृत्तिवेतनाऐवजी या भागात पडीक जमिनी देण्यात आल्या. 'सुखलंबरी' या नावाने त्या जमिनी पुढे कित्येक वर्षे ओळखल्या जात. पडीक जमीन म्हणजे वर्ष-दोन वर्षे काटेरी झुडपे काढत बसणे. बैल विकत घेणे. पाऊस पडला नाही तर पेरलेले बीही गमावणे. तलवारीला सरावलेल्या हातांना हे काम हलके गेले नसणार. पण १८२५ च्या सुमारास तुघलकाचा जुना कालवा गाळ काढून पुन्हा हांसी-हिस्सारकडे वाहू लागला. हिस्सारच्या राखीव कुरणात कंपनीने १८०९ पासूनच जनावरांची पैदास सुरू केली होती. पाणी, गवत, गुरे आणि नियमित पगार हे सगळे एकत्र आले, तेव्हा चालीसाच्या दुष्काळाने ओस पडलेला मुलूख हळूहळू पुन्हा नांदू लागला.

लढाईतून परतलेल्या माणसाला जमिनीवर बसवणे ही युक्ती काही नवी नाही. रोमन लोकांनी ती केली. अमेरिकेत यादवी युद्धानंतर, १८७२ च्या कायद्याने, माजी सैनिकाने फौजेत घालवलेला काळ मोफत जमिनीसाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या वास्तव्यात धरला जाऊ लागला, आणि पुष्कळ जुने घोडेस्वार पश्चिमेच्या गवताळ मैदानांवर गव्हाचे शेतकरी झाले. आपल्याकडेही त्याच सुमारास इतर उदाहरणे घडत होती. पेंढारी सरदार करीमखान १८१८ मध्ये माल्कमला शरण आला आणि गोरखपूरकडे जमीन घेऊन राहिला. त्याचा जोडीदार चितू याने शरण येण्याचे नाकारले. असीरगडच्या रानात त्याला वाघाने मारले. पेशव्यांच्या शिलेदारांपैकी काहींना १८१७ मध्ये शिरूरला उभारलेल्या पुणे रिसाल्यात जागा मिळाली. बाकीचे आपापल्या गावी परतले, आणि त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही.

स्किनर स्वतः शेतकरी झाला असे म्हणताना मात्र शब्द जपून वापरला पाहिजे. तो नांगर धरणारा नव्हता. हांसीच्या भोवतालची गावे, दुआबात बिलासपूरची इस्टेट, दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ वाडा, असा तो मोठा जमीनदार होता. घरात त्याचा थाट मुसलमानी उमरावासारखा होता. मोगल बादशहाने त्याला नासिरुद्दौला हा किताब दिला होता. पीकपाण्यात, गुराढोरांत आणि घोड्यांत तो खरा रमत असे. आणि आपल्या स्वारांचा तो न्यायाधीश, सावकार आणि वडीलमाणूस, असा सर्व काही होता. १८२७ सालचे एक चित्र आहे. दिल्लीचा चित्रकार गुलाम अली खान याने ते काढले. त्यात स्किनर रिसाल्याचा दरबार भरवून बसला आहे. त्याच्याभोवती आपले अधिकारी आणि स्वार आहेत. ते बघितल्यावर ही इंग्रजी पलटणीची कचेरी आहे असे वाटत नाही. एखाद्या मराठा सरदाराची बैठक आहे असेच वाटते.

इंग्रजांच्या दरबारात मात्र त्याची जागा नेहमीच अवघडलेली होती. त्याच्यापेक्षा वयाने लहान आणि अनुभवाने कोऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना पद मिळे. त्याला केवळ स्थानिक दर्जा. भरतपूरच्या वेढ्यानंतर, पन्नाशीच्या घरात, त्याला राजाच्या सनदेचा मान मिळाला. इंग्रजी लिहिताना तो चाचरे. मनातले लिहायचे ते तो फारसीतच लिही. 'तशरीह-उल-अक्वाम' आणि 'तजकिरत-उल-उमरा' हे त्याचे दोन फारसी ग्रंथ आहेत. पहिल्यात या देशातील जातीजमातींचे आणि दुसऱ्यात राजघराण्यांचे वर्णन आहे. ज्याला दोन्ही समाजांनी पूर्ण आपले म्हटले नाही, त्याने लोकांचे कूळ आणि धंदे टिपत बसावे, याचे मला नवल वाटत नाही.

उणियाऱ्याच्या रणांगणावर केलेला नवसही त्याने फेडला. काश्मिरी दरवाजाजवळचे सेंट जेम्स चर्च त्याने स्वतःच्या खर्चाने बांधले. १८३६ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे पहिली विधिपूर्वक प्रार्थना झाली. आजही ते उभे आहे.

४ डिसेंबर १८४१ रोजी हांसी येथे स्किनर वारला. प्रथम त्याला तेथेच पुरण्यात आले. पुढच्या जानेवारीत त्याची शवपेटी उकरून दिल्लीस नेली. त्याचे स्वार बरोबर होते. दिल्लीच्या वेशीबाहेर लोकांची एवढी गर्दी लोटली की, बादशहालाही या शहरात असे कोणी आणले नव्हते, असे त्या वेळी लोक म्हणाले. सेंट जेम्स चर्चमध्ये वेदीसमोर त्याची साधी संगमरवरी फरशी आहे.

रिसाला पुढेही राहिला. स्वतंत्र भारताच्या सैन्यात तो आजही 'स्किनर्स हॉर्स' या नावानेच आहे. त्याचे घोडे जाऊन आता रणगाडे आले आहेत, आणि ते चालवणाऱ्या शिपायाला सैन्यात अजून 'सवार' असेच म्हणतात.